आखाड्याचा फोटो

आमच्याकडं शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. कुस्तीचा नव्हे. बैलं, गाईवासरं, कडबा, औत, पाभर, बी-बियाणं आणि सालदार एवढ्यांचा संसार एका छताखाली चालायचा तो आखाडा. माझ्या आज्यानं निजामाच्या राज्यात बांधलेला आमचा आखाडा सहा खणांचा, बारा खांबांचा होता. तो मोडून आता चार वर्षं झाली.

जांब समर्थला बाहेरची माणसं येतात ती रामदास स्वामींच्या जन्मस्थानी. शके १५३०, म्हणजे इंग्रजी १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला, तेच पुढं समर्थ झाले. ती माणसं राममंदिरात दर्शन घेतात, नारळ फोडतात, पायरीवर उभं राहून फोटो काढतात आणि जातात. त्यात नवल काही नाही. नवल वाटलं ते २०१६ च्या जानेवारीत. तूर काढणी चालू होती. मंदिराकडून एक पोरगं गळ्यात दोन कॅमेरे अडकवून गाडीवाटेनं थेट आमच्या आखाड्यावर आलं. मला वाटलं, वाट चुकलं. पण ते म्हणालं, "काका, ह्या गोठ्याचे फोटो काढले तर चालंल का?"

मी म्हणलं, "काढ बाबा. पण ह्यात काढण्यासारखं काय आहे?"

त्यावर ते हसलं आणि कामाला लागलं. तीन तास. खांबाला हात लावून बघे, दाराच्या फळीपुढं उकिडवं बसे, कडीकोयंड्याचा फोटो वेगळा, गव्हाणीचा वेगळा. मधेच म्हणालं, "काका, ते निळं पिंप जरा बाजूला घेता येईल का?" पिंप औषध फवारणीचं होतं. मी उचललं. मग म्हणालं, मोटारसायकल पण. तीही ढकलली. मग माझ्या अंगातल्या नव्या शर्टाकडं बघून काही बोललं नाही, पण मी आपला बाजूला झालो.

माय तेव्हा ऐंशीच्या घरात होती. बाजेवर बसून हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"पडक्या घराचा फोटो काढतो का रे लेकरा? उद्या ये. सारवून घेते, मग काढ."

"नको आजी, असंच छान आहे."

"छान कशाचं? पाव्हण्याला असं घर कुणी दाखवतं का?"

पोरगं आपलं हो-हो म्हणत गेलं. मायनं मात्र ते खरंच धरलं. संध्याकाळी आमच्या मंडळीला आणि सुनेला कामाला लावलं. पुढची भिंत शेणानं सारवली, वर पांढऱ्या मातीचा हात फिरवला, दाराच्या फळ्यांना करडीचं तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते आलं आणि त्याचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. राखाडी, उललेली फळी तेलानं काळीभोर झाली होती. पण पोरगं संस्कारी. काही बोललं नाही. मायला सारवलेल्या भिंतीपुढं बसवून तिचा फोटो काढला आणि मग हळूच मागच्या अंगाला गेलं. तिकडची भिंत आदल्या पावसाळ्यात ढासळली होती, तिथं कुणी सारवलं नव्हतं. तिकडंच ते दिवस मावळेपर्यंत बसलं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे घोळतंय की जुन्या लाकडात ह्या लोकांना दिसतं काय.

थोडं मला स्वतःला कळतं. शेतात चाळीस-पन्नास वर्षं उघड्यावर राहिलेलं सागवान तुम्ही पाहिलं असेल. ते तपकिरी राहत नाही. ऊन लाकडातला रंगाचा, धागे धरून ठेवणारा भाग मोडतं, पाऊस तो धुऊन नेतो, आणि मागं राहतात ते राखाडी धागे. मऊ भाग आधी झिजतो, कठीण रेषा वर राहतात. म्हाताऱ्या माणसाच्या हाताच्या शिरा दिसाव्या तशा. दुपारी बारा वाजता त्यात काही दिसत नाही. सकाळी नाहीतर दिवस कलताना तिरपं ऊन पडलं की एकेका रेषेची सावली पडते. म्हणून ही माणसं सकाळ-संध्याकाळ येतात आणि दुपारी झाडाखाली झोपतात. आतले खांब मात्र वेगळे. त्यांना ऊन लागत नाही, चुलीचा आणि रात्रीच्या शेकोटीचा धूर लागतो. ते डांबर लावल्यासारखे काळे आणि हात फिरवला तर गुळगुळीत. आमच्या दावणीजवळच्या दोन खांबांना बैलांनी मान घासून घासून कमरेएवढ्या उंचीवर खळगे पाडले होते. पोरानं त्याचेही फोटो घेतले.

आता हा आखाडा उभा कसा राहिला ते सांगायला पाहिजे, कारण फोटोत ते येत नाही.

आज्यानं सागवान आणलं किनवटच्या जंगलाकडून. दादा, म्हणजे माझे वडील, सांगायचे की बैलगाड्या गेल्या त्या महिन्यानं परत आल्या. सगळंच सागवान परवडण्यासारखं नव्हतं. खांब आणि तुळया सागाच्या, कड्या कडुनिंबाच्या, कारण कडुनिंबाला कीड लवकर धरत नाही. गव्हाणी, खुंटे, उंबरे बाभळीचे. बाभूळ तोडून चार-सहा महिने विहिरीच्या नाहीतर ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवायची, तिच्यातला गोडवा निघून गेला की मग भुंगा लागत नाही. गावच्या सुतारानं वाकस आणि किकऱ्यावर काम केलं. त्याला मजुरी म्हणून रुपया नव्हताच, खळ्यावरचं बलुतं होतं. खांब जमिनीत पुरायचा नाही, दगडी उथळ्यावर उभा करायचा, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही लांब. खांबाच्या डोक्याला कुसू, तुळईला भोक, एकात एक बसवायचं. लोखंडाचा खिळा फक्त दाराला.

तुळईवर कड्या, कड्यांवर किलचं, त्यावर पाला आणि वर गावच्या पांढरीची माती. हे आमचं माळवद. जुन्या गढीची, जुन्या वस्तीची पांढरी माती पाणी आत जाऊ देत नाही, काळी माती उन्हाळ्यात उलते आणि पावसाळ्यात गळते. उन्हाळ्यात माळवदाखाली बैलसुद्धा शांत बसायचा. धूर जायला आणि उजेड यायला मधे सवनं. पण माळवद हे दरसालचं देणं आहे. मृगाच्या आधी वर चढून गवत उपटायचं, नवी पांढर टाकायची, चोपायची, पन्हाळी साफ करायची. एक साल चुकलं तर गळतं, दोन सालं चुकली तर कडी सडते, आणि कडी सडली की खण बसतो.

आम्ही चुकलो. ते कुणावर ढकलण्यासारखं नाही. पण एकदम चुकलो नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. शाळेत सुकडी मिळायची आणि घरात मिलोची भाकर. माणसं खडी फोडायला गेली, माळवदावर माती टाकायला कोण होतं? दादांनी आखाड्याचं एक जोडदार विकलं आणि त्या पैशात बैलांना कडबा आणला. त्या जागेला आयुष्यभर पत्रा राहिला. पुढं पैठणला जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये पुरं झालं, डावा कालवा आमच्या भागातून गेला, ऊस आला, त्याच्यामागं ट्रॅक्टर आला. बैल कमी झाले तसा आखाड्याचा अर्थ कमी झाला. चार जोड्यांच्या जागी एक जोडी, मग एक गाय, मग ते निळं पिंप.

आणि मग किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपलेली. आमच्याकडं फक्त फडताळातली भांडी वाजली, माय "कोण आहे रे" म्हणून उठून बसली. दिवस उजाडल्यावर रेडिओवर कळलं की लातूर-उस्मानाबादकडं गावंच्या गावं झोपली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. कशाखाली गेली? दोन-दोन हात जाड दगडमातीच्या भिंतींखाली आणि वर दरसाल चढवलेल्या पांढरीच्या ओझ्याखाली. माळवदावर आधीची माती न काढता नवी टाकत राहिलं की पन्नास सालांत दीड-दोन फूट थर होतो, त्याचं वजन किती होतं ते कुणी मोजलेलं नसतं. तिकडून आलेल्या सोयऱ्यानं मला एक गोष्ट सांगितली, ती नंतर मी वाचलीही: बऱ्याच ठिकाणी भिंती बाहेर पडल्या, पण लाकडाचे खण मात्र उभे होते. लाकूड हलतं, कुसू भोकात कुरकुरतं, पण सोडत नाही. दगडाला हलता येत नाही.

पण भ्यालेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो. आमच्या गावात दोन महिने माणसं अंगणात झोपली. ज्याला जमलं त्यानं माळवद उतरवलं आणि पत्रे टाकले, ज्याच्याकडं पैसा होता त्यानं स्लॅब ओतला. आम्ही राहतं घर पत्र्याचं केलं आणि आखाड्याकडं पाठ फिरवली. तिथं कोण झोपतं, म्हणून.

म्हणजे बघा, त्या पोराला जे लाकूड सुंदर दिसत होतं ते तेल, माती आणि हात न लागल्यानं तसं झालं होतं. माय म्हणत होती ते काही वेडेपणाचं नव्हतं. तिच्या लेखी राखाडी फळी म्हणजे घरात धडधाकट सून नाही असा त्याचा अर्थ.

माझा पुतण्या पुण्याला असतो. त्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं मोबाइलवर अमेरिकेतले फोटो दाखवले. तिकडंही फळ्यांचे गोठे असतात, मोठाले, उतरत्या छपराचे, आणि जुने झाले की माणसं गाड्या थांबवून त्यांचे फोटो काढतात. त्यातले काही फोटो वॉकर एव्हान्स नावाच्या माणसानं १९३६ साली काढलेले. अलाबामा म्हणून कापसाचा मुलूख आहे, तिथल्या वाटेकरी शेतकऱ्यांच्या घरांचे. सरकारनंच तेव्हा फोटोवाले खेड्यांत पाठवले होते, कर्जात आणि दुष्काळात बुडालेली माणसं बाकीच्या देशाला दिसावीत म्हणून. त्या घरांच्या फळ्याही राखाडी. का, तर रंगाला पैसा नव्हता. कापूस, वाटेकरी, सावकार. मला ते फोटो बघून वाटलं, ह्यात बैल तेवढा आपला पाहिजे.

आपल्याकडं लाकडाचं घर फोटो काढण्याच्या लायकीचं कुणी धरलंच नव्हतं. फोटो हा प्रकार मुंबईत आला त्याला मोठा काळ झाला, १८५४ साली तिथं फोटोग्राफीची संस्था निघाली आणि भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी त्यात होते. आमच्या निजामाकडं राजा दीनदयाळ होते. त्यांनी राजवाडे टिपले, वेरूळ टिपलं, शिकारी टिपल्या. सालदाराचा आखाडा कोण टिपणार? आमच्या घरात पहिला फोटो दादा-मायचा, जालन्याच्या स्टुडिओत काढलेला, मागं रंगवलेला पडदा, त्यावर कमान आणि कारंजं. घर सोडून दुसऱ्याच्या कारंज्यापुढं उभं राहायचं, हीच फोटोची रीत होती.

अजिंठ्याची एक गोष्ट मात्र मला नेहमी आठवते. रॉबर्ट गिल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याला १८४४ साली तिथली चित्रं उतरवून घ्यायला पाठवलं. त्यानं वर्षानुवर्षं बसून मोठमोठ्या कापडांवर ती उतरवली. विलायतेला पाठवली. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली, त्यात त्यातली बहुतेक जळाली. पण मधल्या काळात त्यानं कॅमेरा हातात घेतला होता, त्याचे लेण्यांचे फोटो १८६४ साली पुस्तकात छापून आले होते. ते राहिले.

आणि वेरूळ. शाळेच्या सहलीत आम्ही दहा नंबरचं लेणं बघितलं तेव्हा गुरुजी म्हणाले होते, ह्याला सुताराची झोपडी म्हणतात. वर बघा. वर दगडात कड्या कोरलेल्या, एकीला लागून एक, अगदी आमच्या आखाड्यासारख्या. दगडाला कड्यांची गरज नसते. ज्यानं कोरलं त्याच्या डोळ्यापुढं लाकडाचं छत होतं. पुण्याकडं कार्ल्याच्या लेण्यात तर खऱ्या सागवानाच्या कमानी अजून वर आहेत, दोन हजार वर्षांच्या. म्हणजे जपलं तर लाकूड एवढं टिकतं, पाऊस तेवढा लागू द्यायचा नाही.

तर ते पोरगं. दोन महिन्यांनी त्याचं पाकीट आलं. मला वाटलं नव्हतं येईल. आत दोन मोठे फोटो. एक मायचा, सारवलेल्या भिंतीपुढं. तो तिनं लगेच बाजूला ठेवला, म्हणाली, "लई म्हातारी दिसते." दुसरा मागच्या अंगानं काढलेला. ढासळलेली भिंत, तिच्यातून आत घुसलेलं मावळतीचं ऊन, आणि समोर कणगीजवळचा खांब. एवढंच. ना माणूस, ना बैल. मी म्हणलं, ह्यात काय आहे?

मायनं तो फोटो डोळ्याशी नेला. मग बोट ठेवलं.

"ह्या तुझ्या आज्याच्या खाचा."

खांबावर आडव्या रांगा होत्या. बारीक बारीक खाचा, चाकूनं पाडलेल्या, एकीखाली एक रांग. मी त्या खांबाला टेकून जेवलो होतो, पण कधी बघितल्या नव्हत्या. तिथं नेहमी रिकामी पोती टांगलेली असायची आणि त्या कोपऱ्यात उजेड कधी पोचतच नव्हता. भिंत पडली म्हणून ऊन पोचलं. मायनं सांगितलं की खळं झालं, ज्वारी घरात आली की आजा दर दोन पोत्यांना एक खाच पाडायचा. एका सालाची एक रांग. त्याला लिहिता येत नव्हतं. आज्यानंतर दादांनी चालू ठेवलं. मधली एक रांग तीनच खाचांची होती. माय म्हणाली, "हे सुकडीचं साल."

मी विचारलं, मग ह्या थांबल्या कधी?

"तू दहावी झालास अन् वहीत लिहायला लागलास. मग दादा म्हणाले, आता पोरगा लिहितो, खांब कशाला कोरायचा."

त्या वह्या मला चांगल्या आठवतात. निळ्या पुठ्ठ्याच्या, आखाड्यातच देवळीत ठेवलेल्या. वाळवीनं खाल्ल्या त्यालाही वीस वर्षं होऊन गेली.

माय २०१९ मध्ये गेली. २०२१ मध्ये मोठ्या भावाच्या घरात दवाखाना निघाला, पैसा लागला, आणि वाटणीत आखाडा दोघांचा होता. जुनं लाकूड घेणारा एक व्यापारी आला. त्यानंही आधी फोटोच काढले. मोबाइलवर, प्रत्येक खांबाचा, आणि तिथंच उभ्या उभ्या गिऱ्हाइकाला पाठवले. म्हणाला, धुऊ नका, तासू नका, तेल लावू नका, जेवढं जुनं दिसंल तेवढं बरं, शहरात हॉटेलवाले घेतात. मला मायच्या तेलाची आठवण झाली. सगळ्याचे मिळून एक लाख दहा हजार ठरले. मी म्हणलं, कणगीजवळचा एक खांब राहू द्या. तो म्हणाला, ठेवा की, पण अकरा खांबांचा भाव वेगळा, मग जोडी फुटते. त्यानं जे कमी सांगितलं ते ऐकून भाऊ माझ्याकडं बघायला लागला. भावाला दर आठवड्याला सलाईन चालू होतं. मी गप्प बसलो. दुपारी चार वाजता ट्रक गेला. उथळे तेवढे राहिले, बारा. त्यातल्या दोनांवर आता सून कपडे धुते.

मला तेव्हा मोबाइलनं तरी नीट फोटो काढायचं सुचलं नाही. माणसं दोर बांधत होती, तुळई उतरत होती, माझं सगळं लक्ष कुणाला लागू नये ह्यात.

पुढच्या वर्षी, २०२२ च्या ऑगस्टात, आमच्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. गाव सुन्न झालं. त्यातल्या काही पुढं पोलिसांनी शोधून आणल्या. त्या दिवसांत जो तो मोबाइल उघडून मागचे फोटो धुंडाळत होता, कुणाकडं मूर्तीचा जवळून काढलेला आहे का. बहुतेकांकडं स्वतःचेच निघाले, मूर्ती मागं, बारीक. मीही माझा धुंडाळला. मग पेटी उघडून सात-बाऱ्याच्या कागदांखालून तो खांबाचा फोटो काढला आणि नातवाचं भिंग घेऊन ओसरीवर बसलो.

वरून मोजायला लागलो. पहिल्या चार रांगांवर धूर बसला आहे, खाचा धड दिसत नाहीत. पाचवीपासून लागतात. चौदा, सोळा, अकरा, सतरा. मधेच एक एकवीसची, त्या साली बहुतेक वरच्या रानातही ज्वारीच पेरली असावी. सुकडीचं साल वरून अठ्ठाविसावं. त्याच्याखाली तीन रांगा आणि मग फोटोची कड. शेवटच्या रांगेत तेरा खाचा आहेत. चौदावी आहे, पण ती खाच आहे का लाकूड उललंय ते भिंगातूनही कळत नाही.